न्हाण, शिकेकाई आणि शाम्पू : शिरूर-दौंड परिसरातील केशप्रक्षालनाच्या शब्दांचा इतिहास

वनस्पतींच्या काढ्याने अथवा चहासारख्या उकळलेल्या पाण्याने केस धुतल्यास ते निरोगी राहतात, असा उपदेश अलीकडे पुष्कळ ठिकाणी वाचावयास मिळतो. उपदेश करणारांस ही गोष्ट बहुधा नवीन वाटते, अथवा ती इतकी प्राचीन वाटते की तिला इतिहासच नसावा. वस्तुतः तिला इतिहास आहे, आणि तो वैद्यकाच्या ग्रंथांपेक्षा बोलीच्या शब्दांत अधिक टिकून राहिला आहे. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शिरूर व दौंड या दोन तालुक्यांत केस धुण्याविषयी जे शब्द बोलले जातात, त्यांच्या आधारे हा इतिहास कितपत उलगडतो ते पाहण्याचा येथे प्रयत्न केला आहे. केसांची निगा हा सौंदर्याचा विषय मानला जातो. शब्दांकडे पाहिले तर तो पाण्याचा, सरपणाचा, आणि कोणाच्या डोक्यावर पाणी पडावे व कोणाच्या पडू नये या अधिकाराचाही विषय होता असे दिसते.

आरंभ 'न्हाणे' या क्रियापदापासूनच करावा लागेल. संस्कृत 'स्ना' धातूपासून प्राकृतात 'ण्हा', 'ण्हाण' अशी रूपे झाली व त्यांपासून मराठीचे 'नाहणे, न्हाणे' आले. यात विवाद्य असे काही नाही. विवाद्य आहे तो अर्थ. नागरी मराठीत न्हाणे आणि आंघोळ करणे हे पर्याय समजले जातात. शिरूर-दौंडकडील जुन्या पिढीच्या स्त्रिया मात्र ते पर्याय मानीत नाहीत. 'आज न्हाले नाही, नुसती आंघोळ केली' हे वाक्य तिकडे निरर्थक नाही. त्याचा अर्थ, डोक्यावर पाणी घेतले नाही. न्हाणे म्हणजे केस सोडून, काही लावून, डोक्यावरून धुणे. रोजची ती आंघोळ. आठवड्या-पंधरवड्याने यावयाचे ते न्हाणे. हा भेद स्त्रियांनी आपल्या सोयीसाठी अलीकडे पाडला असेल असे वाटण्याचा संभव आहे. परंतु तसे नाही. हरगोविंददास शेठ यांच्या 'पाइअ-सद्द-महण्णवो' या प्राकृत कोशात 'अंगोहलि' हा देशी शब्द नोंदलेला आहे आणि त्याचा अर्थ दिला आहे तो डोके वगळून उरलेल्या शरीराचे स्नान असा. मराठीतील 'आंघोळ' ती हीच. म्हणजे प्रमाण भाषेने जो भेद पुसून टाकला, तो घोडनदीच्या काठच्या बोलीने शेकडो वर्षे जसाच्या तसा जपला. 'गंगेत घोडे न्हाले' या म्हणीतही न्हाणेच आहे, आंघोळ नाही. घोडे नदीत उतरले म्हणजे त्याच्या अयाळीसकट भिजते, हे म्हण रचणाराच्या मनात होते किंवा नाही हे सांगता येणार नाही. पण शब्द नेमका पडला आहे खरा.

न्हाणे दररोजचे नव्हते याची कारणे धर्मशास्त्रात शोधण्यापूर्वी भूगोलात शोधावीत. हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात; वर्षाचा पाऊस सरासरीने ५०० मिलिमीटरच्या आसपास. भीमा, घोड, मुळा-मुठा या नद्यांच्या काठची गावे सोडली तर पाणी विहिरीचे, आणि पुष्कळ विहिरींचे पाणी जड किंवा मचूळ. सरपण म्हणजे बाभळीचे फाटे, तुराट्या आणि गोवऱ्या. लांब केसांच्या चार बायकांनी एकाच दिवशी न्हावयाचे म्हटले तर हंडाभर आधण, तेवढेच विसणाचे पाणी आणि अर्धा भारा जळण हवे. प्रस्तुत लेखिकेच्या आजोळी न्हाण्याचा दिवस आदल्या रात्रीच सुरू होई. शिकेकाईच्या शेंगा ठेचून, त्यात रिठ्याची टरफले व आवळकाठी घालून ते सारे पितळी तपेलीत भिजत पडे. सकाळी ते चुलीवर चढे, पाणी तांबूस-काळे होऊन फेस धरू लागले की उतरवून पंचाने गाळले जाई. डोळ्यांत गेलेल्या शिकेकाईची आग ज्याने अनुभवली आहे, त्यास या विषयावर निव्वळ गोड आठवणी लिहिणे कठीण आहे.

आता या तपेलीतील द्रव्यांची नावे पाहू. त्यांपैकी 'शिकेकाई' हा शब्द सर्वांत बोलका आहे. संस्कृतातून त्याची व्युत्पत्ती लावण्याचे प्रयत्न व्यर्थ होत. शब्द सरळ दक्षिणेचा आहे. कानडीत 'सीगे' हे त्या काटेरी वेलीचे नाव आणि 'कायि' म्हणजे फळ, विशेषतः कच्चे फळ; 'सीगेकायि' म्हणजे सीगेचे फळ. तमिळमध्ये हाच शब्द 'सीयक्काय्' असा आहे. मराठीने 'सीगे'चे 'शिके' केले, मधला एकार राखला आणि 'कायि'ची 'काई' केली. हल्ली वेष्टनांवर जो 'शिकाकाई' असा शब्द छापलेला असतो तो हिंदी आणि इंग्रजी जाहिरातींतून फिरून आलेला आहे. मराठी माणसाने तो स्वीकारताना आपल्या शब्दातील कानडी एकार गमावला. मोल्सवर्थच्या कोशाने १८३१ मध्येच हा शब्द मराठी म्हणून नोंदला, तेव्हा तो त्याच्या फार पूर्वी रुळला असला पाहिजे.

शब्दाप्रमाणे वस्तूही बाहेरचीच. ही वेल घाटातील आणि कर्नाटकाकडील दमट रानांत वाढते. शिरूर-दौंडच्या माळावर ती येत नाही. तेव्हा ज्यास आज 'घरगुती' म्हणतात तो पदार्थ या भागापुरता तरी कधीच घरचा नव्हता. तो बाजारातून, काष्ठौषधींच्या दुकानातून पैसे मोजून आणावा लागे. १८५८ मध्ये पुण्याहून दिकसाळपर्यंत लोहमार्ग सुरू झाला तो दौंडवरून, १८७१ मध्ये तोच मार्ग रायचूरला मद्रासच्या लोहमार्गास मिळाला आणि १८७८ मध्ये दौंड-मनमाड फाटा निघाला. दौंड अशा रीतीने दक्षिण आणि उत्तर यांच्या सांध्यावर आले. 'शिरूर' या ग्रामनामाचाही येथे उल्लेख करण्यासारखा आहे. बीड आणि लातूर जिल्ह्यांत शिरूर आहेत, तशीच ती कर्नाटकात बागलकोट आणि उडुपी जिल्ह्यांतही आहेत. शेवटचा 'ऊर' हा गाव या अर्थाचा द्राविडी शब्द मानला जातो. गावाच्या नावावरून तेथील बायकांच्या न्हाणीघरापर्यंत अनुमान नेणे धाडसाचे होईल. तथापि शिकेकाईचा शब्द मराठीत आला तो परक्याच्या भाषेतून नव्हे, तर आपल्याच जमिनीखालच्या एका थरातून आला, एवढे म्हणावयास हरकत नसावी.

रिठ्याची कथा उलट दिशेची आहे. 'अरिष्ट', 'अरिष्टक' यांवरून आद्य स्वराचा लोप होऊन 'रिठा' झाला. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्रव्यशुद्धी सांगताना बकऱ्याच्या लोकरीची कांबळी अरिष्टकाने शुद्ध करावीत असे सांगितले आहे. म्हणजे रिठा आरंभी डोक्याचा नव्हे, कांबळ्याचा साबण होता. लोकर काय आणि केस काय, दोन्हींचे द्रव्य एकच, हे त्या स्मृतिकारास रसायनशास्त्राविना कळले होते. सोनार दागिने उजळावयास आणि घरोघरी रेशमी लुगडी धुवावयास रिठा वापरीत आले ते याच न्यायाने. पुढे युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञांनी या झाडाच्या कुळास 'सॅपिंडस' म्हणजे 'हिंदी साबण' असे लॅटिन नाव दिले. त्यातला 'सापो' आणि आपला 'साबण' हे एकाच घराण्याचे. मग साबण आपल्याकडे अरबी-फारसी मार्गाने आला असे माना की पोर्तुगीजांकडून.

या दोन्ही विकतच्या वस्तू. ज्यांच्याजवळ पैसा नव्हता त्यांच्या डोक्याचे काय, हा प्रश्न केशसंवर्धनावर लिहिणारे क्वचितच विचारतात. त्याचे उत्तर माती, ताक, डाळीचे पीठ, राखेचे निवळ पाणी, आणि रानातले हिंगण असे आहे. हिंगण किंवा हिंगणबेट हे कोरड्या माळावरचे काटेरी झाड; त्याच्या फळाच्या गरात रिठ्यासारखाच फेसाळ गुण असतो. हेच संस्कृतातील इंगुदी होय. 'शाकुंतला'च्या दुसऱ्या अंकात विदूषक म्हणतो की ही मुलगी इंगुदीच्या तेलाने डोके चोपडलेल्या एखाद्या तापसाच्या हाती पडू नये. राजसभेतील नागर माणसाने रानातल्या तेलकट डोक्याला मारलेला हा टोमणा आहे. केसांना काय लावतो यावरून माणसाची पायरी ओळखण्याची सवय किती जुनी आहे ते त्यावरून कळते. दौंड तालुक्यात हिंगणीबेर्डी आणि हिंगणीगाडा अशी दोन गावे आहेत. त्यांची नावे या झाडावरून पडली असावीत असे सकृद्दर्शनी वाटते. मात्र ग्रामनामांच्या व्युत्पत्तीत सकृद्दर्शनाने अनेकांना फसविले आहे, म्हणून येथे आग्रह धरीत नाही.

श्रीमंतांच्या न्हाण्याचा पुरावा अर्थातच विपुल आहे. वराहमिहिराने 'बृहत्संहिते'च्या गंधयुक्तीच्या अध्यायात राजास योग्य असे 'शिरःस्नान' सांगितले आहे. त्यात दालचिनीची साल, कोष्ठ, तगर, वाळा अशी द्रव्ये येतात. त्याच अध्यायात केस काळे करण्याचा लोखंडी भांड्यातील प्रयोगही आहे. लोखंडी कढईत आवळा भिजत घालण्याची आपली रीत त्याच जातीची आहे. आवळ्यातील तुरट द्रव्य आणि लोह यांच्या संयोगाने काळा रंग होतो, शाईदेखील अशीच होत असे. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने बाराव्या शतकात लिहिलेल्या 'मानसोल्लासा'त स्नानभोगाचे स्वतंत्र प्रकरण आहे. महानुभावांच्या 'लीळाचरित्रा'त 'मर्दनामादने' हा जोडशब्द येतो. मर्दन म्हणजे तेल चोळणे आणि मादने म्हणजे न्हाणे. हा दुसरा शब्द पुढे लुप्त झाला आणि 'माखणे' मात्र राहिले. या ग्रंथांतील द्रव्यांचा शिरूरच्या माळावरील बाईशी संबंध किती, असे कोणी विचारील तर उत्तर एकच की क्रम तोच आहे : आधी तेल, मग तेल काढणारे काहीतरी, शेवटी खळबळण्याचे सुगंधी किंवा औषधी पाणी. दिवाळीच्या अभ्यंगात हा क्रम अजून घरोघर टिकून आहे.

शिकेकाईचा काढा केसांस मानवतो यात तथ्य किती? शिकेकाई व रिठा यांत सॅपोनिन नावाची द्रव्ये असतात. ती तेल आणि पाणी यांची सांगड घालतात व मळ सुटा करतात. साबण क्षारधर्मी असतो, त्याने केसावरील खवले उघडतात आणि केस चरबरीत होतो. शिकेकाईचे पाणी किंचित आंबटाकडे झुकलेले, म्हणून केस मऊ राहतो. आणखी एक कारण या भागापुरते अधिक महत्त्वाचे आहे. जड पाण्यातील चुन्याशी साबणाचा संयोग होऊन त्याचा चिकट साका केसांत बसतो. सॅपोनिनचे तसे होत नाही. भीमाथडीच्या विहिरीच्या पाण्याने साबण लावून न्हालेल्या बायकांनी 'केसांचे काथ्या झाले' अशी तक्रार केली तर तो साबणाविषयीचा अडाणी राग नव्हता. काढ्याने केस वाढतात, गळावयाचे थांबतात, पिकत नाहीत, हे दावे मात्र वेगळे. त्यांस भक्कम पुरावा नाही, आणि आजीबाईंच्या साक्षीने तो निर्माण होत नाही.

येथवर न्हाणे हे जणू सर्वांचेच होते अशा रीतीने विवेचन झाले. ते तसे नव्हते. 'न्हाण' या नामाचा एक अर्थ मुलीचे प्रथम रजोदर्शन असा आहे. 'न्हाण येणे', 'न्हाणवली' हे शब्द त्यावरून आले. चौथ्या दिवशी न्हाणे, बाळंतिणीस न्हाऊ घालणे, सणास माहेरवाशिणीस न्हाऊ घालणे : स्त्रीच्या आयुष्याचे टप्पे या एका क्रियापदाने मोजले जात. आणि ज्या टप्प्यावर हे क्रियापद संपे, तेथे त्याच धातूचा दुसरा शब्द उभा असे. तो शब्द म्हणजे 'न्हावी'. पालीत 'नहापित', प्राकृतात 'ण्हाविअ', मराठीत 'न्हावी'. मूळ अर्थ न्हाऊ घालणारा. संस्कृतातील 'नापित' हेही त्याचेच रूपांतर होय असे अभ्यासक मानतात. पूर्वी दाढी करणे व न्हाऊ घालणे ही एकाच माणसाची कामे होती. परंतु ब्राह्मण आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या काही जातींत पती वारल्यावर हाच 'न्हाऊ घालणारा' येई तो स्त्रीचे न्हाणे कायमचे बंद करावयास. वपनानंतर तिला शिकेकाई नको, रिठा नको, फणी नको. शब्दाचा अर्थ उलटा होण्याची उदाहरणे भाषाशास्त्रात पुष्कळ सापडतात. इतके निर्दय उदाहरण प्रस्तुत लेखिकेस दुसरे ठाऊक नाही.

या प्रथेविरुद्धच्या लढ्याची एक जागा दौंड तालुक्यातच आहे. पंडिता रमाबाईंनी १८८७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी पुस्तकात उच्चवर्णीय विधवेच्या स्थितीचे वर्णन करताना केशवपनाविषयी लिहिले. १८८९ मध्ये मुंबईस काढलेले शारदा सदन पुढल्या वर्षी पुण्यास आले, आणि त्या दशकाच्या अखेरीस दुष्काळ व प्लेग यांच्या काळात त्यांचे कार्य केडगावी, मुक्ती सदनात, स्थिरावले. १९२२ मध्ये त्या तेथेच वारल्या. त्यांच्या धर्मांतरावरून जो वाद माजला त्यात येथे शिरण्याचे कारण नाही. ज्या तालुक्याच्या बोलीने न्हाणे आणि आंघोळ यांतला भेद जपला, त्याच तालुक्यात, न्हाण्याचा हक्क गमावलेल्या स्त्रियांना आश्रय मिळाला, ही गोष्ट आमच्या केशसंवर्धनाच्या इतिहासांतून गाळली जाते. पार्वतीबाई आठवले यांनी 'माझी कहाणी' या आत्मवृत्तात पुन्हा केस राखण्याच्या आपल्या निर्णयाविषयी लिहिले आहे. केस वाढविणे ही त्या काळी निगा नव्हती, बंड होते.

वस्तरा ज्यांच्या हाती होता त्यांनीही मौन धरले नाही. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत न्हाव्यांची सभा झाली आणि विधवांचे वपन न करण्याचा विचार तेथे पुढे आला. सुधारकांच्या व्याख्यानांपेक्षा ही घटना मला अधिक मोलाची वाटते. खेड्यापाड्यांतील बहुसंख्य जातींत वपनाची चाल नव्हती, हेही नमूद केले पाहिजे. तेथे विधवेचे कुंकू जाई, केस जात नसत.

'शाम्पू' या शब्दाची फेरी आता थोडक्यात सांगतो. हिंदीतील 'चाँपना' म्हणजे दाबणे, रगडणे. मराठीतील 'चेपणे', 'चापणे' त्याच कुळातले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हा शब्द इंग्रजीत गेला तो अंग रगडण्याच्या अर्थाने. शिरूरला एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून इंग्रजांची छावणी होती. तेथील अधिकाऱ्यांना हा शब्द याच अर्थाने ठाऊक असणार, कारण १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशातही मुख्य अर्थ तोच आहे. पाटण्यास १७५९ मध्ये जन्मलेल्या दीन महंमद या गृहस्थाने इंग्लंडात ब्रायटन येथे हिंदी वनस्पतींच्या वाफेचे स्नानगृह काढले, १८२२ मध्ये त्याविषयी पुस्तक लिहिले, आणि इंग्लंडच्या राजाचा 'शाम्पू करणारा' अशी पदवी मिळविली. तेथेही अर्थ मर्दनाचाच. १८६० च्या सुमारास इंग्रजीत तो डोके धुण्यावर स्थिरावला, आणि मग बाटलीत भरून परत आला. चंपी आणि शाम्पू ही एकाच आईची दोन लेकरे. एक घरी राहिले, दुसरे विलायतेहून आले, म्हणून त्याचा मान मोठा.

शिरूर-दौंडच्या बाजारात शाम्पू सर्रास झाला तो बाटलीने नव्हे, पुडीने. १९८० च्या दशकात तमिळनाडूतील कारखानदारांनी तो एका न्हाण्यापुरत्या पुडीत विकावयास काढला आणि मजुरीवर जाणारी बाईही तो घेऊ लागली. पुन्हा एकदा डोके धुण्याची वस्तू दक्षिणेकडूनच आली. मात्र या वेळी तिच्यासाठी हंडाभर आधण नको, रात्रभर भिजवणे नको, सरपण नको. शिकेकाई हरली ती गुणात नव्हे, वेळात. ज्या बाईस पहाटे उसाच्या फडावर किंवा कुरकुंभच्या कारखान्यात जावयाचे आहे तिला काढ्याचे माहात्म्य सांगणारांनी तिचे पाणी कोण तापवणार हेही सांगितले पाहिजे.

या बदलाबरोबर क्रियापदही बदलले. विद्यार्थिनींच्या बोलण्यात 'न्हाले' जवळजवळ ऐकू येत नाही. 'केस धुतले' किंवा 'शाम्पू केला' हे ऐकू येते. 'न्हाणी' राहिली आहे ती घराच्या कोपऱ्याचे नाव म्हणून, आणि तीही 'बाथरूम'पुढे मागे हटते आहे. 'विसण', 'माखणे', 'आवळकाठी' हे शब्द साठीच्या आतील माणसांस समजावून सांगावे लागतात. भीमा आणि घोड यांच्या दरम्यानच्या गावांत, विशेषतः धनगर, माळी, मराठा, महार आणि रामोशी घरांतून, हे शब्द जातवार व वयवार टिपून घेणे अवश्य आहे. हिंगणाचा गर केसांस लावण्याची रीत कोणत्या गावी कोणास आठवते, आणि तिला क्रियापद कोणते वापरतात, न्हाणे की धुणे, येथून आरंभ करावा.